दादाला पत्र

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
शि. सा. नमस्कार.

वहिनींनी पाठवलेला मडगावच्या मुलाचा बायोडाटा पोचला. लेकीने वाचला आणि म्हणाली, "मुलगा छान आहे, पण त्याला विचारलंय का कुणी?"

दादा, तू फोनवर म्हणालास, इकडची मुलं परक्यांत लग्नं करतात. करतात, पण परकं कोण याचा त्यांचा हिशेब निराळा. आपल्या फोंड्यात पोटजात आणि कुळदैवतापासून चौकशी सुरू होते. इथे तेलुगू-मराठी, गुजराती-तमिळ जोडप्यांचं कुणाला नवल नाही. आईबाप भारतातले, एवढं पुष्कळ झालं. त्यापलीकडे जाणारेही कमी नाहीत. २०१५ मध्ये लग्न झालेल्यांची प्यू रिसर्च सेंटरने पाहणी केली. बाहेरून आलेल्या आशियाईंपैकी २४ टक्क्यांनी दुसऱ्या वंशात लग्न केलं होतं, इथे जन्मलेल्यांपैकी ४६. त्यात चिनी, कोरियन, भारतीय सगळे एका टोपलीत, म्हणजे मराठी मुलीने चिनी मुलाशी लग्न केलं तर ते मोजलंच जात नाही!

मला विचारशील तर संस्कारांपेक्षा वस्तीचा हात मोठा. फ्रीमॉन्टमध्ये शाळेच्या वर्गात निम्मी तोंडं आपल्यासारखी. आडगावात वाढलेल्या मुलाला ती दिसणार कुठून? शंभर वर्षांपूर्वी इथे शेतीवर आलेल्या पंजाब्यांनी मेक्सिकन बायका केल्या, त्या काही हौसेनेच नव्हे. गावाकडून बायको आणणं दुरापास्त, आणि गोरीशी लग्नाला कायद्याची बंदी. ती बंदी कॅलिफोर्नियात १९४८ मध्ये उठली, देशभरात १९६७ मध्ये.

चवथीला मैत्रिणीकडे गेलो होतो. तिचा जावई तैवानी आईबापांचा. स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची मांडणी, बांधत होता, सुपारीचे घोस नाहीत म्हणून लिंबं आणि अव्हाकाडो. सुतळीची गाठ अशी आवळत होता की आपल्या बाबांनीही नाव ठेवलं नसतं. आरतीत मात्र तोंड नुसतं हलत होतं. तसं आमच्या लेकीचंही हलतं म्हणा.

डिसेंबरात आम्ही येतोय. लेकीबरोबर तिचा मित्रही आहे. आईवडील व्हिएतनामचे, शिक्षण इथलं, मासे काट्यासकट नीट खातो. वहिनी, रागावू नका. दोघांना गोव्यातही सही, म्हणजे लग्नाची नोंदणी, करायची आहे. दादा, फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन येशील? दोघंही अमेरिकन नागरिक, तेव्हा सही तिथे होते का, होत असल्यास कागद कुठले लागतात, आणि पहिल्या सहीनंतर दुसरीला किती दिवस थांबावं लागतं, ते विचार. विमानाची तिकिटं त्यावर अडली आहेत.

तुझी धाकटी बहीण