कारण सांगा, पण कार्यारंभ आदेशाआधी

माननीय संपादक,

घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्गाच्या निविदा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) मे २०२५ मध्ये रद्द केल्या, तेव्हा सगळी चर्चा हजारो कोटींच्या आकड्यांची झाली. नगरपालिकांना पंप आणि स्टार्टर पुरवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातली दुसरीच गोष्ट खुपली. लार्सन अँड टुब्रोची निविदा तांत्रिक छाननीत बाद झाली होती आणि बाद होण्याचे कारण काम दुसऱ्याला दिल्यावरच कळवू, अशी सोय निविदेच्या अटींतच होती. उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर मात्र प्राधिकरणाने निविदाच मागे घेतल्या. कंपनी मोठी, तिला दिल्लीत वकील उभे करता आले. लाख-दीड लाखाच्या नफ्यासाठी आम्ही कोणाला उभे करणार?

माझाच अनुभव सांगतो. एका नगरपालिकेच्या पंपांची ई-निविदा भरली. बयाणा भरला, डिजिटल सहीचे टोकन लावून कागद चढवले. तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेची कागदपत्रे, उघडला आणि पोर्टलवर शेरा दिसला, 'कागदपत्रे अटीनुसार नाहीत.' कोणती, याचा पत्ता नाही. कार्यालयात गेलो तर साहेब साइटवर. पुन्हा गेलो तर साहेब जिल्ह्याला मीटिंगला. आवक-जावकला लेखी विचारणा देऊन पोच घेतली, तिला उत्तर नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर हातात पडले तोवर दुसऱ्याला कार्यारंभ आदेश मिळून पाणी उपसायच्या विहिरीवर (जॅकवेलवर) त्याचे पंप फिरूही लागले होते. कारण काय, तर माझे प्रतिज्ञापत्र शंभरच्या मुद्रांकावर होते, ते पाचशेच्या हवे होते. राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचे पाचशे केले, हे मान्य. पण निविदेला जोडलेल्या नमुन्यावरच 'रु. १०० च्या मुद्रांकावर' असे छापलेले! वर्षानुवर्षांची फाइल, नाव आणि तारीख बदलून पुन्हा चढवलेली. आर्थिक लिफाफा, म्हणजे दर, उघडण्याआधी कोणी विचारले असते तर त्याच दुपारी नवे प्रतिज्ञापत्र नेऊन दिले असते.

दाद मागायला उशीर झाला की काय होते, हे १९७९ च्या रमणा शेट्टी खटल्यात दिसले आहे. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचे कंत्राट अनुभवाची अट पूर्ण न करणाऱ्याला दिले गेले होते. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतः मोडायची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले. त्या निकालाचा दाखला आजही प्रत्येक निविदेच्या खटल्यात दिला जातो. पण कंत्राट काही रद्द झाले नाही. अर्जदार काही महिने उशिरा आला होता आणि तोवर कंत्राटदार खर्च करून बसला होता. आता तर पायाभूत कामांना स्थगिती देताना न्यायालयांनी हात आखडता घ्यावा, असेच धोरण आहे. त्यासाठी २०१८ मध्ये कायद्यातही दुरुस्ती झाली. म्हणजे जी काही दाद मागायची ती कामाचा नारळ फुटण्याआधीच.

केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमावलीत नियम १७३ आहे. निविदा नाकारल्याबद्दल विचारणा करण्याची सोय निविदेतच असावी आणि विचारल्यास कारण सांगावे, असे तो म्हणतो. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये कायदा करून अपिलाची वाट ठेवली. अमेरिकेत करार झाल्यावर १० दिवसांत तक्रार गेली की काम सहसा थांबते आणि १०० दिवसांत निर्णय लागतो. महाराष्ट्रात असा कायदा नाही. केंद्राचे २०१२ चे सार्वजनिक खरेदी विधेयकही लोकसभेची मुदत संपली तसे बारगळले.

अधिकारी म्हणतील, हरलेला प्रत्येक जण हरकत घेईल आणि पावसाळ्याआधीची कामे दिवाळीनंतर होतील. भीती खोटी नाही. हरकत घ्यायची आणि पैसे घेऊन मागे घ्यायची, हाच धंदा करणारे आमच्यात आहेत. नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी हरकतीसोबत अनामत घ्या आणि हरकत खोडसाळ निघाली तर जप्त करा. पण तांत्रिक छाननीचा निकाल अट क्रमांकासह कारण लिहून पोर्टलवर टाका आणि आर्थिक लिफाफा उघडण्याआधी हरकतीला सात दिवस द्या. ती हरकत ज्या अभियंत्याने निविदा बाद केली त्याच्याच टेबलावर जाऊ नये, दुसऱ्या कार्यालयाने ऐकावी. आणीबाणीची कामे यातून वगळली तरी माझी तक्रार नाही. कायदा व्हायचा तेव्हा होवो, एवढी सोय शासन निर्णयानेही करता येईल.

– एक लहान पुरवठादार, कराड

(नाव छापू नये, ही विनंती. पुढच्या निविदाही याच कार्यालयांत भरायच्या आहेत.)