डाव्या चाकाचा धूर

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं "हं, हं" करत होतो. "ब्रेक लागले नाहीत" एवढे शब्द जरी तिच्या कानावर गेले असते तरी तुझ्या गाडीची किल्ली तिनं कुरिअरनं मागवून घेतली असती. म्हणून आता सावकाश लिहितोय.

तू जे सांगितलंस ते मी लाइट बिलाच्या पाठीवर उतरवून ठेवलंय. हॉकेनहाइमला, त्या तुमच्या जर्मनीतल्या रेसच्या ट्रॅकवर, पहिले तीन राउंड झकास. चौथ्याला पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पाचव्याला पाराबोलिका, म्हणजे तो लांब वेगवान पट्टा, संपताना पाय दिलास तर पेडल लोण्यात रुतल्यासारखं. दोनदा पंप केलंस तेव्हा कुठं गाडी धरली आणि तो पुढचा स्पिट्झकेरे नावाचा आकडी वळसा निघाला. पिटमध्ये आलीस तर पुढच्या डाव्या चाकातून धूर. तासाभरानं पेडल परत नीट. आणि शेवटी काय, तर "अप्पा, ब्रेकचं सहा पिस्टनचं मोठं किटच टाकते."

किट घेऊ नकोस. अजून तरी नको. तू सांगितलेल्यात दोन वेगवेगळे आजार आहेत आणि किट हे दोन्हींपैकी एकाचंही औषध नाही.

आधी उष्णतेचा हिशेब बघ, इंजिनियर तूच आहेस. गाडी तुझ्यासकट साडेतेराशे किलो धर. ताशी २०० वरून ७० वर आणायची म्हणजे साधारण १.८ मेगाज्यूल कुठंतरी टाकायचे. मी आपला पाण्यात मोजतो: साडेपाच लिटर गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल एवढी ती उष्णता. आणि हे सगळं चार सेकंदांत. वजन पुढं झुकतं, त्यामुळं त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग पुढच्या दोन डिस्कांच्या वाट्याला येतो. ट्रॅक ४.५७४ किलोमीटरचा, म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटांत परत तिथंच, परत तेवढंच. मधली वळणं मी धरलीच नाहीत. आपल्या अंबा घाटातून ट्रक उतरतो तेव्हा उष्णता संथपणे साचत जाते, ड्रायव्हर खालचा गिअर टाकून ती इंजिनावर ढकलू शकतो. ट्रॅकवर घणाचे घाव पडतात, आणि दोन घावांमध्ये वारा लागला तेवढीच विश्रांती. बिडाची डिस्क हे सोसते. आसपासच्या फाउंड्र्या बघत वाढलेल्या पोरीला बीड किती सोसतं हे मी सांगायला नको. डिस्कच्या आधी तिच्या पाठीमागचं सगळं हात टेकतं.

आता पहिला आजार. माझी एक जुनी फजिती सांगतो, तू तेव्हा जन्मलेली नव्हतीस. एका गिऱ्हाइकाची मारुती ८०० पावसाळ्याच्या तोंडाला आली. तक्रार अशी की गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना निम्म्यावर पेडल तळाला जातं. मी गॅरेजमध्ये दाबून बघितलं, पेडल घट्ट. पॅड बदलले, गाडी दिली. आठ दिवसांत परत. पुन्हा पेडल घट्ट. मी मास्टर सिलिंडरचं किट बदललं, पैसे घेतले, वर त्या माणसाला हळूच म्हणालो, "साहेब, तुमचा पाय जड आहे." तिसऱ्यांदा मात्र त्यानं मलाच शेजारी बसवून घाट उतरवला, आणि वैभववाडीच्या अलीकडं माझाच पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होता. ब्रेक ऑइल कैक वर्षं बदललेलं नव्हतं, काकवीसारखं काळं झालेलं. कोकणातली दमट हवा पिऊन पिऊन त्यात पाणी मुरलेलं. तापलं की उकळायचं, वाफ दाबली जायची आणि पेडल खाली. थंड झालं की वाफेचं परत पाणी, आणि मी गॅरेजमध्ये शहाणा. त्याचे पैसे परत केले. तेव्हापासून थंड गाडीच्या साक्षीवर मी विश्वास ठेवत नाही.

तुझ्या पेडलचंही तेच आहे, असं माझं नव्वद टक्के मत. डॉट ४ या दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. घरापासून ऑफिसपर्यंत १५५ पुरतात. हॉकेनहाइमला नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं हे तू फोनवर सांगितलं नाहीस, म्हणजे आठवत नसणार. ट्रॅकसाठी कोरड्यात, म्हणजे पाणी मुरण्याआधी, ३०० अंशांच्या पुढं टिकणारी ऑइलं मिळतात, ती घाल, चारही चाकांची एअर काढ. फक्त ती पाणीही लवकर पितात, तेव्हा सीझनला एकदा तरी बदलायची. आणि डॉट ५ म्हणून जे सिलिकॉनचं येतं ते चुकूनही नको, ५.१ वेगळं, ५ वेगळं.

उरलेले दहा टक्के कशाचे? पेडल खाली जाणं आणि पेडल दगडासारखं घट्ट असून गाडी न थांबणं, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. दुसरी झाली तर पॅड हरले. त्यातली राळ जळून पकड गेली. तेव्हा ऑइलला दोष देऊ नये. तिसरा एक लबाड प्रकार आहे. ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, कर्बवर, चाक चढलं, किंवा हबच्या बेअरिंगला खेळ असला, की डिस्क डुगडुगते आणि पॅड-पिस्टन मागं ढकलते. मग पुढच्या ब्रेकला पेडल लांब जातं आणि एका टिचकीत वर येतं. पण हे पहिल्या-दुसऱ्या राउंडलाही होतं, त्याला तापावं लागत नाही. तुझं चौथ्यापासून वाढत गेलं, म्हणून मी उकळण्याकडं बोट दाखवतोय.

दुसरा आजार मला जास्त खटकतो. डावंच चाक का? मास्टर सिलिंडर दोन्हीकडं सारखाच दाब पाठवतो. एकच बाजू धुरावली तर त्या बाजूला काहीतरी सुटत नाहीये. गाडी पूर्ण थंड झाल्यावर जॅक लावून स्टँडवर घे. कुणाला तरी पेडल जोरात दाबून सोडायला सांग आणि तू चाक हातानं फिरव. उजव्याशी ताडून बघ. डावं जड फिरत असेल तर चष्मा लावून त्या चाकाचं एअर काढायचं निपल किंचित उघड. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकलेला होता: होज पाइप आतून सुजलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, तेवढ्यावर जाऊ नकोस. निपल उघडूनही जड राहिलं तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना जाम. तुझं कॅलिपर पिनांवर सरकणाऱ्या जातीचं आहे, त्यामुळं पॅड काढलेस की लगेच कळेल. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला असला तर पिना. हिवाळ्यात तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याचीच करामत असायची. पिना साफ करून सिलिकॉनचं ग्रीस लाव. साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगेल आणि महिन्याभरात परत तेच.

हे सगळं ठीक निघालं तर मग कॉम्प्युटरवर संशय घे. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणजे बहुतेक वळणं उजवी, आणि बाहेरचं पुढचं चाक डावं. मागची बाजू सुटू लागली की ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी ती यंत्रणा, नेमकं बाहेरच्या पुढच्या चाकालाच ब्रेक मारतं. तू गाडी ढकलतेस, तो तुझ्या नकळत सावरतो, आणि बिल डाव्या डिस्कच्या नावावर. ईएससी बंद कर असं मी तुला कधीच सांगणार नाही. फक्त डॅशवरचा तो घसरत्या गाडीचा पिवळा दिवा राउंडमध्ये किती वेळा लुकलुकतो ते मोज. खूप वेळा लुकलुकत असेल तर दुरुस्ती स्टिअरिंगच्या मागं बसलेल्या माणसाची करायची.

मोजल्याशिवाय मात्र काही खरं नाही. डिस्कच्या कडेला लावायचा तापमानाचा रंग मिळतो: हिरवा साधारण ४३० ला बदलतो, नारिंगी ५६० ला, तांबडा ६१० ला. दोन्हीकडं तिन्ही रेघा ओढ. कॅलिपरला तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या लाव. तुझ्याकडची ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड तापमापी चकचकीत डिस्कवर खोटं बोलते, आणि पिटमध्ये येईपर्यंत अर्धा ताप निघून गेलेला असतो. डाव्या-उजव्याची तुलना करण्यापुरती ती चालेल.

पॅडबद्दल एकच: निम्मे झिजलेले पॅड ट्रॅकवर नेऊ नकोस. पॅडचा मालच पिस्टनला उष्णतेपासून आडोसा देतो, तो पातळ झाला की सगळी धग थेट ऑइलला. रस्त्याचे पॅड तुझ्या वेगाला पुरणार नाहीत हे मलाही दिसतंय. पण ईसीई आर-९० या युरोपातल्या ब्रेक पॅडच्या नियमाची मान्यता नसलेले ट्रॅकचे पॅड घालून त्याच गाडीनं हमरस्त्यावरून घरी येणं तिकडं बेकायदा आहे, आणि तसले पॅड थंडीत पहिल्या सिग्नलला धरतही नाहीत. मान्यतावाले शोध, नाहीतर जागेवर बदलायची तयारी ठेव. वारा द्यायचा तर पाइपचं तोंड डिस्कच्या मध्याकडं हवं, बाहेरच्या तोंडावर नको. डिस्क स्वतःच्या खाचांतून हवा मधून बाहेर फेकते. आणि शेवटचा राउंड ब्रेक न वापरता सावकाश काढ. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, चाकाला दगड लाव. जर्मनीत दगड मिळत असतीलच.

या शनिवारी पॅड काढ. चारही ओळीनं मांड, मागच्या पत्र्यावर खडूनं "डावा आतला", "डावा बाहेरचा", "उजवा आतला", "उजवा बाहेरचा" असं लिही आणि वरून नको, बाजूनं फोटो काढ, म्हणजे जाडी दिसेल. फोटो माझ्या नंबरवर पाठव. घरच्या ग्रुपवर नको.

तुझे
अप्पा