परदेशातल्या पदार्थांना ‘किळसवाणे’ ठरवण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पर्यटन पुरवणीत परदेशातल्या ‘विचित्र आणि किळसवाण्या’ खाद्यपदार्थांवर पानभर मजकूर होता. आइसलँडचा शार्क, जपानचा नात्तो, मंगोलियातले घोडीचे आंबवलेले दूध, स्वीडनची डब्यातली हेरिंग मासळी आणि बँकॉकच्या रस्त्यावर काडीला टोचून विकले जाणारे विंचू. फोटो मोठे होते आणि प्रत्येक फोटोखाली नाक मुरडायला लावणारी एक ओळ होती. मी बरीच वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर यजमानांबरोबर पुष्कळ हिंडले आणि यातले बहुतेक पदार्थ ते जिथे केले जातात तिथे बसून खाल्ले. तो मजकूर वाचून मला मनापासून वाईट वाटले. लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कौशल्याची त्यात चेष्टा झाली आहे, आणि प्रवासाला निघणाऱ्या वाचकाच्या हाती उपयोगाची एकही गोष्ट पडलेली नाही.

शार्कबद्दलचे विधान तर साफ चुकीचे आहे. ‘मूत्रात मुरवलेला शार्क’ असे आपण छापले. असे कोणी करत नाही. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या ग्रीनलँड शार्कच्या मांसातच युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. ताजे मांस विषारी ठरते. ते खाल्लेली कुत्री दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात, असे तिकडचे लोक पूर्वीपासून सांगत आले आहेत. झाडे जवळजवळ नाहीत, धान्य जेमतेम, मीठ दुर्मीळ, आणि समोर एवढा मोठा मासा. अशा ठिकाणी लोकांनी उपाय शोधला. मासा कापून वाळू-खडीच्या खड्ड्यात ठेवायचा, वर दगडांचा भार द्यायचा, कित्येक आठवडे त्यातला द्रव निथळू द्यायचा आणि मग वाऱ्याच्या झोताला उघड्या असलेल्या लाकडी छपरीत काही महिने टांगून वाळवायचा. या काळात जिवाणू युरियाचे रूपांतर अमोनियात करतात. नाकाला झोंबतो तो हा अमोनिया.

स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावर ब्यार्नरहोफ्न नावाच्या जागी अशी छपरी मी आतून पाहिली. तपकिरी, टणक कवच आलेले मोठे तुकडे दोरीला लटकत होते. तिथल्या माणसाने कवच सोलून आतल्या पांढुरक्या गराचे बारीक चौकोन कापले. त्याने सांगितले की आधी नाकाने श्वास बाहेर सोडा, मग तोंडात टाका आणि हळूहळू चावा. तसे केल्यावर अमोनियाचा पहिला झटका ओसरला आणि मागून मुरलेल्या चीजसारखी चव आली. आइसलँडमधली माणसेही हा पदार्थ रोज खात नाहीत. भर हिवाळ्यात, थोराब्लोतच्या मेजवानीत, इतर जुन्या साठवणीच्या पदार्थांबरोबर त्याचे छोटे तुकडे वाढले जातात. हा मासा शेकडो वर्षे जगतो आणि फार सावकाश वाढतो, त्यामुळे त्याची आज कोणाला चटक लागू नये असे मला वाटते. पण चटक लागू नये म्हणणे वेगळे आणि किळस करणे वेगळे.

मांसमासळी नुसती पडू दिली तर त्यात वाट्टेल ते जिवाणू वाढतात. आंबवणारा माणूस मीठ, आम्लता, उष्णता, हवा आणि भांडे यांच्या आधाराने कोणाला वाढू द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवतो. यात ढिलाई चालत नाही. अलास्कात मूळ रहिवासी माशांची डोकी, सीलचे वल्ह्यासारखे पाय वगैरे गवताने मढवलेल्या खड्ड्यांत आंबवत. पुढे लोक सोय म्हणून प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यांत तेच करू लागले, तेव्हा बॉट्युलिझमच्या विषबाधा वाढल्या. हवाबंद आणि जास्त ऊबदार डब्यात नेमक्या त्या जीवघेण्या जिवाणूला फावले. खड्डा मागासलेला आणि डबा सुधारलेला असे समजणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. वर्गात हे उदाहरण दिले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून ऐकत असत.

नात्तोवर आपण ‘चिकट, तारा सुटणारे सोयाबीन’ एवढेच लिहिले. त्या तारा कशाच्या, हे किती सुंदर आहे! वाफवलेले सोयाबीन पूर्वी भाताच्या पेंढ्यात गुंडाळत. पेंढा आधी उकळत्या पाण्यातून काढत. बाकीचे बहुतेक जिवाणू त्यात मरतात, पण बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याला पुरून उरतात. मग चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब मिळाली की साधारण एका दिवसात सगळे दाणे त्याच्या ताब्यात जातात. तारा असतात त्या त्याने तयार केलेल्या पॉलिग्लुटॅमिक आम्लाच्या. सूक्ष्मदर्शकाचे नावही नव्हते तेव्हा शेतकऱ्यांनी पेंढा, उकळी आणि ऊब एवढ्यावर निवडक जिवाणू वाढवण्याची रीत बसवली होती.

इबाराकी प्रांतातले मितो हे गाव नात्तोसाठी ओळखले जाते. तिथल्या छोट्या निवासात न्याहारीला तो समोर आला. मालकीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असाव्यात. त्यांनी माझ्या हातातल्या चॉपस्टिक्स थांबवल्या, वाटी स्वतःकडे ओढली आणि आधी नुसता नात्तो भराभर घोटून दाखवला. पांढुरका फेस आल्यावर मोहरी आणि सोया सॉस घातले, पुन्हा घोटले आणि वाफाळत्या भातावर ओतले. गरम भात, मोहरीचा झणका आणि त्या दाण्यांची खारट, खमंग चव असा घास मग समजतो. थेट डब्यातून एक दाणा उचलून जिभेवर ठेवणारा पाहुणा नात्तो खातच नाही. इथे एक महत्त्वाची गोष्ट: नात्तोमध्ये जीवनसत्त्व के भरपूर असते. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तो अजिबात खाऊ नये, औषधाचा परिणाम कमी होतो. वाचकांमध्ये असे अनेक ज्येष्ठ असणार. पानभर मजकुरात ही ओळ हवी होती.

स्वीडनच्या सुरस्ट्रॉमिंगची कथाही तशीच. मीठ महाग होते, म्हणून कमी मिठात हेरिंग मुरवायची रीत रुजली. डब्यातही आंबणे चालूच राहते, म्हणून डबा फुगतो. उत्तर स्वीडनमधली माणसे ऑगस्टच्या अखेरीस तो घराबाहेर उघडतात, मासा साफ करतात आणि पातळ कोरड्या पावावर उकडलेले बटाटे, कांदा आणि आंबट साय यांच्याबरोबर त्याचा लहानसा तुकडा ठेवून खातात. बंद खोलीत डबा फोडून अख्खा मासा तोंडात कोंबणारी आणि ओकाऱ्या काढणारी मुले चित्रफितींत दिसतात. तशा एका चित्रफितीतले दृश्य आपण फोटो म्हणून छापले आहे.

मंगोलियाबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण तिथला ऐराग मला सर्वांत आवडला. बुल्गान प्रांतात उन्हाळ्यात आम्ही एका कुटुंबाच्या तंबूत, म्हणजे गेरमध्ये, होतो. शिंगरू आधी आईला लुचते, पान्हा सुटला की त्याला बाजूला धरून घरची बाई दूध काढते. एका वेळी दूध थोडेच मिळते, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा हेच. ते दूध गाईच्या कातड्याच्या मोठ्या पिशवीत, आधीच्या ऐरागच्या विरजणावर पडते आणि लांब लाकडी दांड्याने हजारो वेळा घुसळले जाते. पिशवी दाराशीच टांगलेली असते. येणारा-जाणारा, पाहुणासुद्धा, दांडा चार वेळा फिरवूनच आत येतो. मीही फिरवला, हात भरून आले. घोडीच्या दुधात साखर गाईच्या दुधापेक्षा जास्त असते. कच्चे प्यायले तर पोट हमखास बिघडते. आंबवल्यावर ती साखर बरीच खर्ची पडते, थोडे आम्ल आणि अगदी थोडे मद्य तयार होते. तेव्हा ही आंबवण्याची रीत केवळ चवीची हौस नाही. तिच्यामुळे ते दूध माणसाला पचते. युनेस्कोने 2019 मध्ये ही पद्धत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

तेराव्या शतकात विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा फ्रान्सिस्कन साधू मंगोलांच्या मुलखात गेला होता. पहिल्या घोटाला त्याला भीतीने आणि नवलाने घाम फुटला आणि लगेच चव आवडलीही, असे तो सांगून गेला आहे. मला घाम फुटला नाही, पण आंबट, किंचित फसफसणारा तो घोट घशाखाली गेल्यावर मागून बदामासारखी गोडी येते, हा त्याचा अनुभव मला तंतोतंत आला. वाडगा उजव्या हाताने घ्यावा, डावा हात उजव्या कोपराला लावावा. प्यायचे नसेल तर ओठांना लावून परत द्यावा, कोणी वाईट मानत नाही. माझ्या पतींनी तसेच केले. तरी एक सांगते: ते दूध तापवलेले नसते. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी ओठांना लावण्याचा शिष्टाचारही टाळून नुसता नमस्कार करावा. इतरांनीही पहिल्या दिवशी वाडगाभर पिऊ नये.

विंचवांबद्दल दोनच वाक्ये. खाओ सान रस्त्यावरचे विंचू पर्यटकांच्या कॅमेऱ्यासाठी आहेत, थाई माणसाच्या ताटासाठी नाहीत. ईशान्य थायलंडमध्ये लोक रातकिडे, रेशमाच्या अळ्या, लाल मुंग्यांची अंडी खरोखर आवडीने खातात आणि तिथल्या बाजारात ती ताज्या भाजीच्या शेजारी मिळतात. लिहायचे तर त्यावर लिहावे. बालीतल्या लुवाक कॉफीची मात्र आपण त्याच पानावर कौतुकाने जाहिरातच केली आहे. ज्या उदमांजराच्या विष्ठेतून त्या बिया वेचतात, त्याला पिंजऱ्यात डांबून जवळजवळ फक्त कॉफीची फळे खाऊ घालणारे कितीतरी मळे तिथे पर्यटकांसाठी चालतात. आक्षेप घ्यायचाच झाला तर मी तिथे घेईन.

यजमान शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही. त्यांच्यासारख्यांनी परदेशी पदार्थांच्या वाटेलाच जाऊ नये असा समज आपल्या लेखातून होतो. तो खरा नाही, पण माहिती लागते. जपानमध्ये भाजीच्या सूपातही बहुधा दाशी असते, म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेला बोनिटो मासा यांचा अर्क. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये उमामी या पाचव्या मूळ चवीचे उगमद्रव्य शोधले ते याच कोम्बूतून. ‘मासे नकोत’ म्हटले तरी आचाऱ्याच्या मनात दाशी येत नाही, म्हणून दाशीचा उल्लेख असलेली जपानी चिठ्ठी जवळ ठेवावी. क्योटोतल्या बौद्ध मठांच्या शोजिन र्‍योरी जेवणात फक्त शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचा अर्क वापरतात. तिथे यजमान निर्धास्त जेवले. इथिओपियात तर त्यांची चंगळ झाली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी प्राणिजन्य काहीच खात नाहीत. त्या दिवशी टेफ धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या थाळीएवढ्या इंजेरावर डाळी, भाज्या, वाटाण्याच्या पिठाचे कालवण असे रंगीत ढीग मांडून येतात. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी स्वतःच्या हाताने एक घास करून यजमानांच्या तोंडात घातला. तिथे तो मायेचा आणि मानाचा घास असतो. आधी माहीत होते म्हणून ते बावरले नाहीत.

भीती बाळगायचीच तर योग्य जागी बाळगावी. नीट आंबवलेल्या, आंबट किंवा खारट पदार्थापेक्षा बर्फ, नळाच्या पाण्यात धुतलेली कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे आणि आलिशान हॉटेलच्या मांडणीत तासन् तास कोमट राहिलेला रस्सा यांचा धोका अधिक. पाच ते साठ अंशांच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. रस्त्यावर डोळ्यांसमोर उकळून वाढलेला वाडगा मला त्या रश्श्यापेक्षा सुरक्षित वाटतो. आणि फुकट किंवा सुट्या मिळणाऱ्या दारूचा प्यालाही घेऊ नये. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही.

माझी विनंती अशी की प्रवासलेखांबरोबर त्या ठिकाणच्या एखाद्या पदार्थाची चौकट द्यावी. तो कोणत्या हंगामात आणि कोणत्या वेळी खातात, कशाबरोबर खातात, कसा तयार होतो, त्यात दडलेला मासा किंवा मांस कोणते, कोणी टाळावा. जिथे लेखकाने स्वतः खाल्ले नसेल तिथे तिथल्या एखाद्या घरच्या माणसाला विचारून लिहावे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागा कमी असेल तर हवे ते कापावे, पण शार्कबद्दलची दुरुस्ती आणि नात्तो-वॉरफरिन, न तापवलेले दूध व मिथेनॉल यांच्या सूचना कृपया याच आठवड्यात छापाव्यात. सुट्यांचा मोसम सुरू होतो आहे आणि लोकांची तिकिटे काढून झाली आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका (सूक्ष्मजीवशास्त्र)