उरलेले पन्नास हिरे

फोंडा, गोवा
चवथीच्या आधीचा रविवार

प्रिय बाबल्या,

तुझा मेसेज परवाच बघितला. ‘आपल्या शूटिंग गेमचे सर्व्हर बंद करतायत, शेवटची मॅच मारूया?’ तिथल्या तिथे ‘हो’ म्हणता आलं असतं, पण बोट अडलं. मनात बरंच साचलंय, म्हणून हे पत्र. बाहेर धो धो पाऊस, आई माटोळीचं, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचं, सामान जमवतेय, आणि मला दोनदा हाक मारून झालीय तिची.

बसस्टँडजवळचं ते सायबर कॅफे आठवतं? पाच खुर्च्या, त्यातल्या एकीचं चाक मोडलेलं. ती कायम माझ्या वाट्याला, कारण उशिरा येणारा मीच. हेडफोन दोघांनाच, बाकीचे तोंडाने ओरडायचे. काउंटरवरचे काका ‘हळू मरे’ म्हणून थकायचे. तेव्हा गेममध्ये विकत मिळायचं काय, तर टोप्या आणि बंदुकीचे रंग. पहिल्या पगारात तू हिरवी टोपी घेतलीस आणि महिनाभर आम्ही तुला पोपट म्हणत होतो. कुणाचं काही बिघडलं नाही. टोपी घातली म्हणून गोळी चुकत नव्हती.

बिघडलं ते पब्लिशर बदलल्यावर. गेम बनवणारे तेच राहिले, गल्ल्यावर दुसरा येऊन बसला. आधी नवं पात्र आठवडाभर खेळून मिळायचं. मग त्यालाच दीड महिना लागायला लागला, आणि शेजारी बटण आलं, ‘आत्ताच घ्या’. पैसे मागितले म्हणून मी चिडलेलो नाही. सर्व्हर काय फुकट चालतात? पण रस्ता आपणच खणून ठेवायचा आणि पलीकडे न्यायला होडी घेऊन भाडं मागत बसायचं, हा कुठला धंदा?

आणि ते हिरे, गेममधले पैसे! पात्र ९५० हिऱ्यांना, हिरे मिळणार ५०० च्या नाहीतर १००० च्या थैलीत. पन्नास उरतात. पन्नासात काही म्हणजे काही येत नाही, म्हणून पुन्हा थैली. मांडवीतल्या कॅसिनोत जिंकलेल्या चिप्स काउंटरवर देऊन निदान पैसे घेता येतात (ऐकून आहे हं, मी कुठला जातो). गंमत बघ, फेब्रुवारी २०२० पासून आपल्या गोंयकारांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी. आणि आमच्या शेजारचा सहावीतला पोर बापाच्या फोनवर पैसे मोजून गेममधल्या पेट्या उघडतो, आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. आपल्याकडे त्याला खेळ म्हणतात.

बड्या कंपन्यांचंही हेच. २०१७ चा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ आठव. पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम, तरी डार्थ व्हेडर हे पात्र कुलपात, किंमत ६०,००० क्रेडिट, खेळून कमवायची. कुणीतरी हिशेब मांडला, एका पात्राला साधारण ४० तास. लोक असे उसळले की गेम काढणाऱ्या ईए कंपनीने किंमत १५,००० वर आणली, आणि गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी आतली सगळी विक्रीच बंद केली. म्हणजे ओरडलं की ऐकू जातं. फक्त ओरडणारे लाखांत लागतात.

आपण ओरडून कुणाला ऐकू जाणार होतं? चीटिंग करून भिंतीआडून डोक्यात गोळी घालणाऱ्या त्या एकाची आपण सतरा वेळा तक्रार केली. सतराही वेळा तेच उत्तर, ‘कळवल्याबद्दल आभार’. विकायच्या नव्या स्किन, म्हणजे कपडे-रंग, मात्र दर गुरुवारी न चुकता. मग मुंबईचा सर्व्हर काढून आपल्याला सिंगापूरला जोडलं. माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तिसावरून एकशेदहा मिलिसेकंदांवर. कोपऱ्यावरून डोकं काढीपर्यंत मी मेलेला. तू म्हणायचास, तुझं इंटरनेट रद्दी. ते रद्दी होतंच, पण तेवढं नव्हतं रे.

तू खेळणं सोडल्यावरची एक रात्र सांगतो. मी एकटाच होतो. लॉबीत दहा मिनिटं कुणी येईना, आणि मग एकदम मॅच भरली. म्हटलं, वा. गोदामाच्या मागे वळलो तर समोरच्या टीमचा एक भिडू भिंतीला नाक लावून चालतोय. चालतोय, चालतोय, पुढे सरकत नाही. बॉट, कॉम्प्युटरच चालवतो तो. खेळाडू उरले नव्हते म्हणून बाहुल्या भरल्या होत्या. मी त्याला मारला नाही. थोडा वेळ बघत बसलो आणि बाहेर पडलो. भिंतीकडे तोंड करून चालणाऱ्या त्या बाहुल्याच्या डोक्यावरही विकतची टोपी होती.

आता सर्व्हरच बंद. ‘द क्रू’चं तेच झालं ना, २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर काढले आणि एकट्याने गाडी फिरवायचीही सोय गेली. डिस्क कपाटात, पैसे देऊन घेतलेली, आणि उपयोग चहाचा कप ठेवायला. त्यावरून युरोपात लोकांनी मोहीम उघडली आणि दहा लाखांवर सह्या जमवल्या. तुझ्या टोपीसाठी कोण सही करणार?

येतो मी. रात्री दहाला, लाइट राहिली तर. तिघांना मी कळवतो, तो दुबईतला जागा असला तर तोही येईल. कुणीच नाही आलं तर आपण दोघं आणि बाहुल्या. ती हिरवी टोपी घालून ये. माझे पन्नास हिरे अजून तसेच पडून आहेत, त्यात काही येतंय का ते शेवटचं बघतो.

आई तिसऱ्यांदा हाक मारतेय.

तुझा,
नंदू