ऋतूच्या हिरड्यांबद्दल

नौपाडा, ठाणे
१२ जानेवारी

प्रिय सुनीता,

हिरड्या काळ्या दिसतात म्हणून लग्न ठरल्यापासून ऋतू फोटोत ओठ मिटूनच हसते, असं परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. माझ्या हिरड्यांचा काळा रंग काढायला ब्लेड आणि लेसर दोन्ही झालेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी हे की काळ्या हिरड्या हा रोग नाही. कातडीला रंग देणारं मेलॅनिनच हिरडीच्या पापुद्र्याच्या तळाशी असतं, सावळ्या माणसांत ते जास्त दिसतं इतकंच. मात्र ऋतूला हा रंग लहानपणापासून आहे की अलीकडे आला, ते विचार. सिगारेटने, काही औषधांनी, क्वचित ॲडिसनसारख्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या) आजारानेही हिरड्या काळवंडतात. एकाच जागी नवा डाग उठला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो तपासून घ्या.

वरच्या हिरड्या मी आठ वर्षांपूर्वी ब्लेडने करून घेतल्या. इंजेक्शनने बधिर केलं होतं, दुखलं नाही. पण पापुद्रा खरवडल्याचा आवाज थेट डोक्यात ऐकू यायचा. गॉझचे बोळे एकामागून एक लाल होऊन ट्रेमध्ये पडत होते. मग जखमेवर च्युइंगमसारखा गुलाबी पॅक बसवला, तो आठवडाभर तोंडात. चार दिवस गार ताकभातावर काढले.

खालच्या हिरड्या दोन वर्षांपूर्वी डायोड लेसरने केल्या. हा प्रकाश मेलॅनिन आणि रक्तातला लाल रंग शोषून घेतात, त्यामुळे रंगाचा थर जळतो आणि बारीक रक्तवाहिन्याही तिथल्या तिथे बंद होतात. रक्त जेमतेम, पॅक नाही. डोळ्यांवर रंगीत चष्मा, नाकात केस जळल्यासारखा वास, आणि डॉक्टर जळका तपकिरी थर ओल्या गॉझने पुसत होते. संध्याकाळी गोखले रोडने चालत घरी आले.

म्हणून डोळे झाकून लेसरच कर, असं मात्र म्हणणार नाही. उष्णता खोल गेली तर खालचं हाड दुखावतं, आणि खर्चही जास्त. ब्लेडची जखम भरतेही लवकर; माझ्या लेसरच्या जागी बरेच दिवस पांढरट साय होती. उलट हिरडी पातळ असेल तिथे ब्लेड जरा खोल गेलं की दाताचं मूळ उघडं पडायची भीती. यंत्रापेक्षा हात बघ. हिरड्यांचा खास डॉक्टर, पेरिओडॉन्टिस्टच गाठ.

पहिल्या दवाखान्यात मला छातीठोकपणे सांगितलं होतं, रंग पुन्हा येणार नाही. तीन वर्षांत दातांमधल्या हिरडीच्या टोकांवर तो परतला. किती रडले होते मी! शेजारच्या रंगपेशी सरकत येतात, ब्लेड असो की लेसर. ऋतूला हे आधीच सांग, आडपडदा ठेवू नकोस.

करायचंच ठरलं तर लग्नाआधी निदान दीड-दोन महिने हातात ठेवा. त्याआधी दात साफ करून घ्यायचे, नंतर काही दिवस तिखट आणि गरम बंद. आणि सुनीता, हे तिलाच हवंय ना? की सासरचं कुणी काही बोललं? तसं असेल तर मला तिच्याशी आधी बोलू दे.

ठाण्यात करणार असलात तर तिला माझ्याकडेच ठेव. गुरगुट्या भात करून घालीन.

तुझी,
माधवी