नवव्या मजल्यावरच्या लेकीस

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

काल आई तुझ्याशी फोनवर बोलत होती तेव्हा मी शेजारीच होतो, पण मुद्दामच फोन घेतला नाही. माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस, आणि नंतर आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

फ्लॅटची किल्ली मिळाली, कागद तुझ्या एकटीच्या नावावर झाले, हे मी अर्ध्या गावाला सांगून आलो. अण्णांना तर दोनदा. आपल्या घराण्यात बाईच्या नावावर आजवर कोपऱ्यातलं वावरसुद्धा लागलं नव्हतं. फक्त तो नववा मजला... जाऊ दे. त्यावर बोलायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

बोलायचंय त्या खोक्यांबद्दल. सासरहून आलेली खोकी तू अजून फोडली नाहीस. भाड्याच्या दोन घरांत ती तशीच चिकटपट्टीसकट फिरवलीस आणि आता नव्या घरातली आतली खोली त्यांना देऊन स्वतः हॉलमध्ये गादी टाकतेस. म्हणजे हप्ता तू भरायचा आणि खोलीत ते राहणार! कोर्टाचा निकाल लागून दोन वर्षं झाली, बाळा. त्यांच्यातलं कुणीतरी एकदा येऊन ‘आमचं चुकलं’ म्हणेल, याची तू वाट बघतेस हे मला कळतं. मीही बघत होतो. गेल्या दिवाळीपर्यंत फाटक वाजलं की वाटायचं, आलेच. नाही येणार ते. माणसानं किती दिवस दुसऱ्याच्या शब्दावर आपली झोप टांगून ठेवायची? अगं, मन म्हणजे...

बघ, झालं माझं कीर्तन सुरू. रागावू नकोस.

किल्लारीच्या भूकंपाचं तू लहानपणापासून ऐकत आलीस. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. दोन-दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि नंतर पाऊस असा लागला की सरण पेटेना. तेव्हाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता म्हणे. म्हणून मला नकाशे आणि बिल्डरची सर्टिफिकेटं दाखवू नकोस. तुमची बिल्डिंग नव्या नियमांची आहे, कॉलम जाड आहेत, मान्य. तरी नववा तो नववाच.

शकूआत्याबद्दल मात्र आजीनं तुला कधीच काही सांगितलं नाही. मीही नाही. ती पाचवीत होती. ढिगाऱ्यातून तिचं दप्तर निघालं, जवळजवळ धड. आजीनं ते लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि उशाला घेतलं. नव्या गावठाणात एक हेक्टरच्या आत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फुटांची घरं, त्यात आपण. पण आजी स्लॅबखाली झोपायला तयार होईना. ती एकटीच नव्हती. पक्क्या घरात धान्याची पोती आणि शेळ्या, माणसं बाहेर पत्र्याखाली, असं कितीतरी घरांचं चालू होतं. आणि त्याच गावात ज्यांची सगळी लेकरं गेली त्या बाया मूल बंद केल्याचं ऑपरेशन उलटं करून घ्यायला दवाखान्यात जात होत्या. कुणाला कसं आणि कधी पुढं जाता येईल हे सांगता येत नाही. म्हणून तुला घाई करताना माझी जीभ अडखळते.

तुला घेऊन आई माहेराहून आली तो जुलै होता. रात्री वादळी पाऊस, पत्रा थडथडायला लागला. आजी उठली, ‘लेकराला वारं लागंल’ म्हणाली आणि तुला पदराखाली घेऊन सरळ आत गेली. पोती सरकवून, उघड्या दाराला पाठ लावून रात्रभर बसली. झोपली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. पुढं कधीतरी डोळा लागला असेल. तिला कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

आणि तू ज्या पाटीवर ‘ग’ गिरवून गिरवून आजीचं डोकं खाल्लंस, ती कोपरा उडालेली पाटी शकूआत्याची. आजीनं ती स्वतः गाठोड्यातून काढून तुझ्यापुढं ठेवली. बाकीचं दप्तर तसंच राहिलं. ते आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर दिलं.

म्हणून म्हणतो, सगळी खोकी एकदम नको फोडूस. त्यात तुझ्या पहिल्या पगाराचा कुकर आहे, मामीनं दिलेली इरकल आहे, तुझी पुस्तकं आहेत. ती त्यांची नाहीत, तुझी आहेत, काढ की! अल्बम बघवत नसेल तर माझ्याकडे दे, मी माळ्यावर टाकीन. बाकी काय ठेवायचं, काय भंगारात घालायचं, त्यात मी पडणार नाही. पडलो तर आईला सांग.

येत्या शनिवारी रातच्या बसनं दोघं निघतोय. तूरडाळ, ज्वारी आणि आईच्या हातचा काळा मसाला आहे. सुतळी, कात्री मी आणतो, भंगारवाल्याला तू सांगून ठेव. मी हॉलमध्ये झोपेन, दाराजवळ. त्यावर आईनं आणि तू हसायचं नाही. लिफ्टला जनरेटर आहे का ते वॉचमनला विचार, आणि मी येण्याआधी एकदा जिन्यानं खाली उतरून बघ, किती वेळ लागतो ते.

तुझे,
बाबा