तुझी वाटी मोजून कळव

म्युनिक,
रविवार दुपार

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. पण फोनवर पाककृती सांगता सांगता तू कुकर बंद करायला उठतेस आणि परत येतेस ती दारावरच्या कोळणीचा भाव घेऊन. माझं निम्मं लिहायचं राहून जातं. माझी नागपूरची मैत्रीण मुंबईमार्गे घरी निघाली आहे, दादरला मामांकडे एक दिवस उतरणार आहे. ती लालबागला येऊन हे पत्र हातात देईल. उत्तर तिच्याचजवळ दे, आणि लिहून दे. ती मासे खात नाही, त्यामुळे बांगडे वगैरे बाबांपुरते ठेव. तिला तुझी वालाची उसळ घाल. बिरड्याचं नाव इथे ऐकून आहे, खाल्लेलं नाही.

तुला माहीत आहेच, आमची इथे पदार्थांची भिशी चालते. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिच्या घरी शनिवारी जमायचं, आणि तिने आपल्या घरचा एक पदार्थ सगळ्यांसमोर करून दाखवायचा. रविवार जमत नाही, कारण दुकानं बंद असतात आणि बिल्डिंगमध्ये शांतता पाळायची असते. सकाळी चटणी मिक्सरला लावली की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून येतात. सुरुवातीला आम्ही मराठीच होतो: नागपूरची, कोल्हापूरची, एक कारवारकडची आणि मी. आता ऑफिसातली पोलिश मैत्रीण आणि समोरच्या दारातली तुर्की बाई पण येते. त्यामुळे बोलणं तीन-चार भाषांत चालतं, आणि भांडणं मात्र मराठीत.

भांडणं कशावरून, तर आमटीवरून. आपली चिंच-गुळाची आमटी नागपूरकरणीला वरणात साखर सांडल्यासारखी लागते. कोल्हापूरची म्हणते, कांदा-लसूण मसाला नाही ते कालवण कसलं. कारवारची गप्प बसते आणि पुढच्या वेळी तिरफळं घातलेली कोकमाची कढी आणते, की सगळ्या गप्प. मी तुझा मसाला सांगायला गेले तर पहिलाच प्रश्न आला, दगडफूल किती? आता काय सांगू? मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, ‘दिसेल इतकं’. तेवढ्यावर कोल्हापूरकरणीने काटा पुढे सरकवला. इथे प्रत्येकीकडे ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आहे.

त्या काट्याने काम सोपं व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण इथे सगळंच वेगळं आहे. डाळीचंच घे. तुझ्या कुकरच्या तीन शिट्ट्यांत तूरडाळीचं लोणी होतं, माझ्याकडे तेवढ्यात ती नुसती फुगते. बरेच दिवस मी डाळीलाच नावं ठेवत होते. कारण पाण्यात निघालं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी येतं, म्हणजे धरणात साठवलेला पाऊसच, मऊ पाणी. म्युनिकचं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या खोऱ्यांतून येतं, चुनखडीतून झिरपलेलं. प्यायला सुरेख, पण किटलीत आठवड्याभरात पांढरा थर बसतो. त्या पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींत जाऊन बसतं आणि डाळ शिजता शिजत नाही. उपाय नागपूरकरणीचा: डाळ गरम पाण्यात तासभर भिजवायची, फिल्टरच्या जगमधून गाळलेल्या पाण्यात शिजवायची, आणि चिंच, कोकम, टोमॅटो यातलं काहीही डाळ पूर्ण घोटल्याशिवाय घालायचं नाही. आंबटाने पण डाळ कडक राहते. इथल्या कित्येकजणी डाळीबरोबरच टोमॅटो कुकरला लावतात आणि मग शिट्ट्या मोजत बसतात.

आता तूच सांग, ‘तीन शिट्ट्या’ हे प्रमाण इथे काय कामाचं? पण तू आणखी एक सांगायचीस: डाळ बोटांत चुरली की मधला कण लागता कामा नये. ते इथेही चालतं. तेव्हापासून मी भिशीत एक नियम काढला आहे. प्रमाण सांगा, पण त्याबरोबर खूणही सांगा. काय दिसलं, कसला वास आला, आवाज कधी बदलला. पीठ बदललं, शेगडी बदलली, नारळ बर्फातला मिळाला, तरी खूण बदलत नाही.

फोडणीत तर हे फारच पटलं. आपल्या गॅसवर मोहरी तडतडली की ज्योत बंद, विषय संपला. इथली शेगडी काचेची, बंद केली तरी कितीतरी वेळ धगधगत राहते. मोहरी, जिरं, हिंग ठीक, पण हळद पडेपर्यंत तेल इतकं तापतं की ती काळी पडते आणि अख्ख्या वरणाला करपट वास येतो. आणि धूर झाला की छतावरचा भोंगा कोकलतो ते वेगळंच. म्हणून मोहरीचा आवाज मंदावला की पळी सरळ शेगडीवरून उचलायची, लाकडी पाटावर ठेवायची आणि हळद तिथे घालायची. हे कारवारकरणीने शिकवलं. तिची सासू म्हणे चुलीवर असंच करायची, निखाऱ्यावरून पळी बाजूला घेऊन.

श्रीखंड मात्र इथे मुंबईपेक्षा चांगलं होतं. रागावू नकोस. इथे क्वार्क नावाचा दह्याच्या चक्क्यासारखा प्रकार कुठल्याही दुकानात मिळतो. बिनसायीचा घेतला तर श्रीखंड आंबट आणि कोरडं होतं. डब्यावर ४० टक्के लिहिलेला घ्यायचा. ते ४० टक्के पाणी सोडून उरलेल्या भागातले असतात, एकूण वजनात स्निग्धांश साधारण ११-१२ टक्केच, म्हणून घाबरायचं नाही. तोही मलमलीत रात्रभर टांगायचा. सकाळी फडक्याला हात लावला आणि बोटं ओली झाली नाहीत, की साखर घालायची, आधी नाही. माझ्याजवळचं पुरणयंत्र केवळ श्रीखंडासाठी आलं आहे असं इथल्या सगळ्यांना वाटतं.

तुपाचंही सांगते. इथे लोणी वेगवेगळ्या जातींचं मिळतं, त्यात एक गोड सायीचं आणि एक विरजण लावलेल्या आंबट सायीचं. वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आम्ही बरीच वर्षं जे स्वस्त ते उचलत होतो. आंबट सायीच्या लोण्याचं तूप कढवलं की तुझ्या स्वयंपाकघराचा वास येतो, बेरीही तशीच खमंग. खूण तुझीच: आधी मोठा फेस, मग चरचर, मग चरचर थांबून घर शांत होतं आणि बारीक फेस पुन्हा वर येऊ लागतो, तेव्हा उतरवायचं. पोलिश मैत्रिणीने डोळे मिटून ऐकत तूप कढवलं, आणि बरोबर वेळेला उतरवलं.

तिचं पण ऐक. ती मिठाच्या पाण्यात काकड्या आंबवते. बडीशेपेसारख्या दिसणाऱ्या शेपूच्या वाळक्या काड्या, लसूण, आणि ओकची किंवा चेरीची पानं. मी विचारलं, पानं कशाला? ती म्हणाली, पानातल्या तुरटपणाने काकडी करकरीत राहते. व्हिनेगर अजिबात नाही. पाणी गढूळ झालं की समजायचं, काम सुरू झालं. आजीच्या खारातल्या कैऱ्यांची बरणी मला आठवली. त्यात कैरीबरोबर कुठलं पान घालायची का ती? बाबांना विचार, त्यांना आठवत असेल, बरणी पुसायचं काम त्यांच्याकडे होतं.

तुर्की बाई दही लावते ती दूध कोमट झालं की नाही हे करंगळी बुडवून बघते. मी म्हटलं, हे तर आमच्या लालबागचं आहे! तिला ते पटलं नाही, तिच्या मते ते तिच्या आईच्या गावचं आहे. भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायची तिची पद्धत मात्र थंडीत फार उपयोगी. नुसतं ओट्यावर ठेवलं तर जानेवारीत दही लागतच नाही.

मागच्या शनिवारी माझ्या नावाची चिठ्ठी होती आणि मी बेसनाचे लाडू केले. इथल्या दुकानातलं बेसन काबुली चण्याचं असतं, मैद्यासारखं मऊ, त्याचा लाडू टाळ्याला चिकटतो. म्हणून मुख्य स्टेशनाच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दुकानातून जाडसर बेसन आणलं. मंद आचेवर सगळ्यांनी आळीपाळीने भाजलं. आधी कढईत गोळे होतात, उलथनं जड लागतं, सगळ्याजणी तूप वाढव म्हणून मागे लागतात. तुझी सक्त ताकीद लक्षात ठेवून मी थांबले. मग अचानक उलथनं हलकं झालं, कडेने तूप सुटलं, रंग बदामी झाला. दुधाचा हबका मारला, तो फसफसून वर आला आणि पीठ रवाळ झालं. कोल्हापूरकरणीने तोपर्यंत वहीत फक्त एकच ओळ लिहिली होती: ‘हात दुखायला लागला की अजून अर्धं व्हायचंय’.

त्याच दिवशी आजीच्या खाणावळीची गोष्ट निघाली. मी सांगितलं की आजी गिरणीकामगारांना डबे आणि जेवण द्यायची, पाळी सुटायच्या आत पन्नास भाकऱ्या थापून व्हायला हव्यात. अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे ऐकून तुर्की बाईने आजीचा फोटो मागितला. तोंडाला पदर लावून चुलीपाशी बसलेला तो एकच आहे ना? त्याची मोबाइलवर प्रत काढून पाठव.

आता मागणी. दगडफूल, नागकेशर, बाद्यान, तिरफळं, कोकम. मिरच्या मिरची गल्लीतल्याच: ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. भावजी लालबागच्या डंकावर जातील तेव्हा आपला मसाला अर्धा किलो जास्त कुटून घ्यायला सांग. तूप, पेढे, खव्याचं काही देऊ नकोस. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको, सावलीत वाळवलेला दे. मैत्रिणीला सामान एक बॅग पुरे आहे, तू तीन बांधशील हे तिला आधीच सांगून ठेवलं आहे.

आणि खरं काम हे. तुझी ती पितळी कडेची वाटी, लाडवाला जी घेतेस, तिच्यात काठोकाठ बेसन भर, वर सपाट कर आणि बाजूच्या वाण्याच्या काट्यावर वजन करून आण. तो हसेल, हसू दे. माझ्या इथल्या वाटीत बेसन कमी बसतं, म्हणून साखर नेहमी जास्त होते असा मला संशय आहे. वजन कळव, आणि त्याच्याखाली खुणाही लिही, जशा सुचतील तशा.

वहिनीला सांग, तिची अळूवडी मी पुढच्या चिठ्ठीला लावली आहे. इथे अळू सहज मिळत नाही, पालकाच्या मोठ्या पानांवर करणार आहे. पान फाटू नये म्हणून काय करायचं ते तिने लिहावं. बाबांच्या गुडघ्याला तेल लावते आहेस ना?

तुझी,
धाकटी

ता. क. उकडीच्या मोदकांचं राहिलंच. इथल्या थाई दुकानात तांदळाच्या पिठीची दोन पाकिटं सारखीच दिसतात, एक साधी आणि एक चिकट तांदळाची. साध्या पिठीत चिकट पिठी चमचाभर मिसळली की उकडीला चीर पडत नाही. मावशीला हे सांगू नकोस, ती म्हणेल आंबेमोहोर संपला का जगातला.